कस

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत, भर मे महिन्यात,
मी कूलर बंद करायला लावला.
वाऱ्यानं तराजू हलतो.
इतवारीच्या सराफा ओळीतून बोलावून आणलेला मी,
मनोहर खरवडे, चौथ्या पिढीचा कसोटीवाला.
डबीतला काळा दगड पणजोबांच्या तळहातानं गुळगुळीत झालेला.

टेबलावर मातीचं ढेकूळ, अर्धं मडकं
आणि कॅन्टीनच्या स्टीलच्या ताटलीत अकरा नाणी.
ताटलीच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. इंदूस, आईकडून.

मॅडम हजेरी घेतल्यासारखं वाचत होत्या.
हा थिओडोसियस, दुसरा. हा लिओ. हे चार अनास्तासियस.
ही टांकसाळ कॉन्स्टँटिनोपलची, बघा, खाली लिहिलंय,
सोनं शुद्ध आहे म्हणून.
म्हटलं, लिहिलेलं आमच्या ओळीतही असतं, बाई.
घासू द्या.

घासलं.
रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, रेघ हलली नाही.
साडेचार ग्रॅमला गुंजभर कमी.
दीड हजार वर्षांत झिजलं ते एवढंच.

तेव्हा म्हणे इकडे नगरधनला वाकाटकांचं आवरत आलं होतं,
आणि तिकडे जांभळ्या झग्यातला एक राजा
मिऱ्यांचे, तलम कापडाचे पैसे चुकते करत होता.
बायकांच्या हौसेपायी सोनं पूर्वेला वाहून जातं,
अशी त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांची कुरकुर
त्याच्याही चारशे वर्षं आधीपासूनची.
कुठल्या बंदरात उतरलं, कुठल्या बैलाच्या पाठीवर घाट चढलं,
कोणी लिहून ठेवलं नाही.
आमच्या झिरो माईलच्या दगडावर गावागावांची अंतरं कोरलीत.
ते शहर त्यात नाही.

तिसऱ्या नाण्याला राजाच्या डोक्यावर दोन भोकं.
मॅडम हळहळल्या, खराब केलं कुणीतरी.
मी उलटं करून बोट फिरवलं.
मागची कोर कानशीनं घासून काढलेली,
गळ्याला टोचू नये म्हणून.
खराब कुठलं?
पुतळी केली होती त्याची.
एवढा मोठा बादशहा, कुणाच्या तरी मानेशी दोऱ्यात लटकला,
आणि भोकं दोन, म्हणजे तोंड सरळ राहावं एवढी काळजी.

सातवं मात्र निराळं.
अक्षरं नव्हतीच त्यावर. काड्या, चंद्रकोरी, कोंबडीचे पाय.
पंखवाली देवी क्रूस धरून उभी असते,
तिची यानं काठी घेतलेली गुराखीण केलेली.
इथलीच नक्कल, मॅडम म्हणाल्या, वाचता येत नसणार त्याला.
मलाही कुठं येतं?
दोनदा घासलं. तीनदा.
सोनं तेवढंच चोख.
ज्याला एक अक्षर कळलं नाही
त्यानं कसात मारलं नाही.

पायरीवर फगनाबाई उईके बसली होती सकाळपासून.
रोजगार हमीच्या तलावात कुदळ तिचीच लागली मडक्याला.
पंचनाम्यावर तिचा अंगठा,
निळा, गोल, नाण्याएवढा.
आत डोकावून म्हणाली,
"माह्या नावाची पावती भेटन ना, साहेब?
का दफिना म्हून सारंच सरकारचं?"
एवढ्या उकाड्यात पदर गळ्याशी घट्ट आवळलेला.

मॅडम नियम शोधायला कपाटाकडे वळल्या.
मी ते मातीचं ढेकूळ खिडकीशी धरलं.
नाणी चिकटून बसली होती तिथं ओल्या मातीनं ठसे धरलेले,
राजांचे गाल, मुकुटाचे मणी, सगळं उलटं.
मोजले. बारा.
पुन्हा मोजले.
पायरीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"लिहायचं काही राहिलं का, खरवडे?"
नाही, म्हटलं. अकरा नग. चोख.
ढेकूळ होतं तसं ठेवलं, ठसे खाली करून.

काम झालं की दगड मेणानं पुसायचा असतो.
पुसलेलं मेण साठवतात, वर्षाकाठी त्यातून चिमूटभर सोनं निघतं,
ती कसोटीवाल्याची वरकमाई.
आज गुरुवार. त्याला सहा दिवस झाले.
दगडावर रेघा आहेत तशाच,
आणि गिऱ्हाइकाला मी शेजारच्या दुकानाकडं पाठवतोय.